सात कागद आणि एक गोधडी

उत्तरा देशकरचा चेहरा कोरियन, पासपोर्ट अमेरिकन आणि तोंड अस्सल नागपुरी. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात नवं कुणी आलं की तिच्याशी जपून इंग्रजीत बोलायचं, आणि ती "काकू, वरणात मीठ विसरलात" म्हणाली की हातातली वाटी सांभाळायचं. डॉक्टर नरेंद्र आणि वसुधा देशकरांनी १९६७ साली तिला सोलहून आणलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. आता एकविशी उलटली होती आणि ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसत होती.

राग धरण्यात मात्र तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. चौथीत डोळे ताणून तिला चिडवणारा एक मुलगा मोठा होऊन दाढ दुखते म्हणून दवाखान्यात आला, तेव्हा तिने त्याला गोड हसून दोन तास बसवून ठेवलं. त्याने तिला ओळखलंही नाही. तिला त्याचं आडनावसुद्धा पाठ होतं.

अशा मुलीच्या मनात एकच जागा मऊ होती. दर वाढदिवसाला आई कपाटातून दत्तक देणाऱ्या संस्थेचा कागद काढून वाचायची. डिसेंबरची पहाट, पोलीस चौकीच्या पायऱ्या, निळं ब्लँकेट, त्याच्या घडीत जन्मतारखेची चिठ्ठी. "मूल रडलं नाही. पोलिसाकडे पाहून हसलं." ते ब्लँकेट काही तिच्याबरोबर आलं नव्हतं. म्हणून वसुधाबाईंनी माहेरच्या दोन निळ्या साड्या फाडून गोधडी शिवली होती. "तुला कुणी टाकलं नव्हतं गं," आई म्हणायची. "नीट गुंडाळून ठेवलं होतं." तारीख लिहायचं भान ज्या जन्मदात्रीला राहिलं, तिला आपली काळजी असणारच, असं उत्तराने त्या चिठ्ठीवरून ठरवलं होतं. जगातल्या बाकी सगळ्यांवर रागवायला ती त्यामुळे मोकळी होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी एका चर्चच्या हॉलमध्ये बारा-पंधरा जण जमत. सगळे कोरियात जन्मलेले, सगळे दत्तक आलेले. बाटलीतली किमची, म्हणजे कोबीचं कोरियन लोणचं, मधे ठेवायची आणि ती करायला कुणी शिकवलंच नाही यावर हसायचं. कुणाच्या घरी 'कोरिया' हा शब्द काढला की आई रडायची, कुणाला लग्नात नवऱ्याकडच्यांनी वाढपी समजलं होतं. तिथे काही समजावून सांगावं लागत नसे. नियम एकच होता: 'तू नशीबवान आहेस' असं जो म्हणेल, त्याने भांडी घासायची. आणि नुकतीच एक रीत घातली होती: यापुढे येणाऱ्या नव्या माणसाने आपला कागद मोठ्याने वाचायचा, इतरांनी गप्प ऐकायचं. जुन्यांनी एकमेकांचे कागद कधी ऐकले नव्हते.

१९८८च्या मार्चमध्ये बेथ नावाची मुलगी आली. पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर वाढलेली. तिने वाचायला सुरुवात केली. डिसेंबरची पहाट. पोलीस चौकीच्या पायऱ्या. निळं ब्लँकेट.

उत्तराचे ओठ आपोआप हलायला लागले. "मूल रडलं नाही," बेथने वाचलं.

"पोलिसाकडे पाहून हसलं," उत्तरा म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या दाढीवाल्या मार्कने पाकिटातून आपला कागद काढला. त्याच्या घड्या फाटल्या होत्या, इतक्यांदा त्याने तो उघडला होता. शब्द न् शब्द तोच. एप्रिलच्या बैठकीला असे सात कागद टेबलावर पडले. जन्मतारखा तेवढ्या वेगळ्या होत्या, सही सगळ्यांवर एकच होती: मार्गारेट हॉल्डेन, संचालिका.

उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मार्क म्हणाला, वकील गाठू. दुसरं कुणी म्हणालं, सगळ्यांनी मिळून पत्र लिहू. बेथ म्हणाली, "माझ्याकडे तेवढंच तर होतं," आणि तिला रडू आवरेना. सगळ्यांनी तिच्याभोवती खुर्च्या ओढल्या आणि तिचं रडणं संपेपर्यंत बसून राहिले.

"पत्राला पत्र येईल," शेवटी उत्तरा म्हणाली. "मला खरी फाइल हवी आहे. आणि ती मागताना त्या बाईचा चेहरा बघायचा आहे."

संधी चालून आली. सप्टेंबरात सोलला ऑलिंपिक होणार होतं, ते निमित्त साधून संस्थेने मे महिन्यात वर्धापनदिनाचं मोठं जेवण ठरवलं, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं, आणि आपली गोष्ट सांगायला निवडलं कुणाला, तर भारतीय घरातल्या कोरियन मुलीला. शोभेला याहून बरं काय मिळणार? उत्तराने उलट टपाली होकार कळवला. उरलेल्या सहाजणांनी तिकिटं घेतली.

आईला तिने काही सांगितलं नाही. हॉल्डेनबाईंवर घाव घालताना तो आधी आईला लागणार, हे तिला कळत होतं. निघायच्या दिवशी आई पिशवीत गोधडी भरताना दिसली.

"आई, ती नको ना घेऊस. प्लीज."

"का गं? स्टेजवर दाखव की. लोकांना बरं वाटेल."

कॅन्सल करावं असं त्या एका क्षणी तिच्या मनात आलं. मग मार्कच्या कागदाच्या फाटक्या घड्या आठवल्या आणि ती गाडीत जाऊन बसली.

जेवणाच्या हॉलच्या दाराशीच हॉल्डेनबाईंनी तिच्या खांद्यावर फूल टाचलं, गालाला गाल लावला, 'आमची राजकन्या' म्हणाल्या. उत्तरा दाढ दुखणाऱ्या पेशंटला हसायची तशी हसली. माइकसमोर जाऊन तिने कागद उघडला आणि एकच वाक्य वाचलं: डिसेंबरची पहाट होती. पुढचं वाक्य चौथ्या टेबलावरून बेथने उभं राहून वाचलं. त्यापुढचं मार्कने. सहा टेबलांवरून सहा जण उठले. "मूल रडलं नाही" झाल्यावर सगळे थांबले, आणि शेवटचं वाक्य अगदी मागे बसलेल्या एका अनोळखी, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने म्हटलं. त्याच्या हातात कागद नव्हता; लहानपणापासून त्यालाही तेच पाठ होतं.

हॉल्डेनबाईंनी माइक ओढून घेतला. "हजारो मुलं होती," त्या म्हणाल्या. "टाइप करायला एक बाई. आणि घरांना काहीतरी गोष्ट लागते. नाही तर तुम्हाला कोण घेतलं असतं?"

पहिल्या टेबलावरून वसुधाबाई उठल्या. उत्तराने मान खाली घातली. आईला स्टेजच्या तीन पायऱ्या चढायला पुष्कळ वेळ लागला. तिने पिशवीतून गोधडी काढली आणि हॉल्डेनबाईंच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"आम्ही घेतलं असतं," ती आपल्या नागपुरी इंग्रजीत म्हणाली. "गोष्ट नसती तरी. ही तुमची गोष्ट, ठेवून घ्या. आता माझ्या मुलीची खरी द्या."

फोटोवाल्यांचे फ्लॅश उडाले. गोधडी जड होती, हात अडकले, माइक सुटला. घ्यायला कुणी पुढे होतंय का म्हणून हॉल्डेनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी हललं नाही. गोधडी मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसल्या, आणि उत्तराने तो चेहरा पोटभर पाहून घेतला. गोड लागला.

मग तिने एक खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. बेथने ओढली, मार्कने ओढली, बाकीचे चौघेही स्टेजवर चढले. माणसाला बसवून ठेवण्यात उत्तरा तरबेज होतीच. खऱ्या फायली दिल्याशिवाय हॉल्डेनबाईंना उठायला वाट राहिली नाही.