आक्काच्या हातातलं तिकीट

आक्काच्या हातात कागदाचा चिटोरा द्यायची सोय नव्हती. बसचं तिकीट असो की लग्नाची पत्रिका, बोलता बोलता तिची गुंडाळी व्हायची, टोकं आत मुडपली जायची आणि कागदाची विडी तयार. निपाणीत तीस वर्षं तिनं विड्या वळल्या. आई गेल्यावर त्या विड्यांवरच तिनं मला, धाकट्या बहिणीला, शिकवलं. आणि मी दिवटी कॉलेजपासून नोकरीपर्यंत सगळीकडे 'बहीण शेती करते' असं सांगत आले. शेती म्हणजे आमची दारातली तुळस. आक्काला हे ठाऊक होतं, पण ती कधी बोलली नाही. तेच मला जास्त टोचायचं.

कंपनीनं मला दोन वर्षांसाठी पुएर्तो प्लाताला पाठवलं. कॅरिबियन बेटावरचं, किनाऱ्यालगतचं, बारा महिने पर्यटकांनी गजबजलेलं गाव. मी हट्टानं आक्काला बोलावून घेतलं. ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आम्हाला गाव दाखवायला आल्या. समुद्राकाठचा किल्ला बघून आक्का म्हणाली, "बरा हाय. पन येळ्ळूरच्या गडाची सर न्हाय." संग्रहालयात पिवळ्याधमक राळेच्या खड्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा डास अडकलेला होता. "त्यात काय बघायचं? आमच्या गल्लीत जित्ते हायती की!"

डोंगरावर जाणाऱ्या रोपवेतून उतरताना तपासनिसानं तिकीट मागितलं, तर आक्कानं त्याच्या हातावर कागदी विडी ठेवली. त्यानं ती चक्क हुंगली. मैत्रिणी हसून लोटपोट झाल्या. "हे कुठं शिकली तुझी बहीण?" एकीनं विचारलं. मी समुद्राकडे बोट दाखवून विषय बदलला.

शेवटी सिगारच्या कारखान्यात गेलो. तिथं पर्यटकांनाही एकेक सिगार वळायला देतात. माझं पान फाटलं. एका मैत्रिणीच्या सिगारचं पडवळ झालं. आक्कानं मात्र पान आधी गालाला लावून त्याची ओल पाहिली. "पान सांगतंय, आपन ऐकायचं," हे तिचं नेहमीचं. मग तिची बोटं अशी चालली की शेजारच्या मेजावरचे कारागीर आपलं काम सोडून बघत राहिले. एका म्हाताऱ्या कारागिरानं तो सिगार उचलला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला आणि उठून आपली खुर्ची तिला दिली. मग मला त्यानं विचारलं, "या बाई कुठल्या कारखान्यात होत्या?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 'शेती' अगदी ओठांवर आली होती. पण आक्का त्या खुर्चीत ताठ बसली होती, आणि मला माझीच शरम वाटली.

"निपाणीच्या," मी म्हटलं. "तीस वर्षं विड्या वळल्या तिनं. मी शिकले ती त्यावरच."

मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, मग कारागिरांनी, मग अख्ख्या कारखान्यानं. माझी छाती फुगली आणि डोळे वाहायला लागले.

"काय सांगिटलीस गं त्यास्नी?" आक्कानं विचारलं.

"खरं ते."

"लई येळ लावलीस," ती म्हणाली आणि दुसरं पान गालाला लावलं.

महिन्याभरानं तिला विमानतळावर सोडायला गेले. दारावरच्या अधिकाऱ्यानं बोर्डिंग पास मागितला. आक्कानं मूठ उघडली. आत विडी, दोन्ही टोकं मुडपलेली. तो कपाळाला आठ्या घालतोय तोवर मीच पुढं झाले. "माझी बहीण आहे. विड्या वळायची, निपाणीला. एक नंबर हात!" मागच्या रांगेलाही ऐकू गेलं.

आक्कानं पदर तोंडाला लावला. "बास कर गं," ती म्हणाली, "आता सगळ्या दुनियेला सांगत सुटू नगंस!"