लोखंडी पाटावर तीन पेडल

पिंपरीपासून चाकणपर्यंत गिटारच्या पेडलांचा पाट बनवणारा पहिला माणूस मी. त्या पाटातून धूर काढणाराही पहिला मीच.

धूर निघाला तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. कंपनीच्या कँटीनमध्ये टेबलं जोडून स्टेज केलेलं. साडेतीनला पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायचा, कामगार हातपाय धुऊन कँटीनमध्ये यायचे, आणि लगेच कंपनीचाच ऑर्केस्ट्रा चालू. साउंड माझा. चिंचवडला माझं माइक-स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. शिक्षण चौथी, तेही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून.

"बाळूभाऊ, जळतंय काहीतरी," मिलिंद म्हणाला.

मिलिंद लेथवर टर्नर. ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. खाली मान घालून बोलायचा, पण गिटार हातात आली की मान वर.

"नवीन आहे ना, रंगाचा वास असेल," मी म्हटलं.

मग धूर दिसला. रंगाचा एवढा धूर होत नाही.

मिलिंदची अडचण अशी होती. गिटारचा आवाज नुसता अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला तर साधा येतो. मध्ये पायाने दाबायचे डबे जोडले की त्याला वेगवेगळी चव येते. हे डबे म्हणजे पेडल. त्याच्याकडे तीन होते. एक वाह, त्याचा चुलतभाऊ जहाजावर होता त्याने आणलेला. टाचेने खालीवर केला की गिटार तोंड उघडूनमिटून बोलल्यासारखी वाटते. दुसरा फझ, मुंबईच्या एका वादकाचा जुना. तो आवाज फाडतो. बिघडल्यासारखा फाटका आवाज मुद्दाम काढायचा, हे मला समजायलाच महिना गेला, कारण फाटका आवाज बंद करण्याचेच पैसे मी आयुष्यभर घेत आलो होतो. तिसरा ट्रेमोलो. त्याने आवाज थरथरतो. तो मी स्वतः बनवला होता. शिवाय एक टेपवाला एको होता, आवाज घुमवायला. तो थेट विजेवर चालायचा, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरशेजारी वेगळा ठेवलेला.

पेडल नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालायची. रिहर्सलमध्ये कधी सेल उतरायचा, कधी वायर निघायची. तीनदा असं झालं. पर्सोनेलचे साठेसाहेब ऑर्केस्ट्रा सांभाळायचे. त्यांनी मिलिंदला सरळ सांगितलं, "आज नीट वाजलं तर गिटार राहील. बंद पडलं तर उद्यापासून अ‍ॅकॉर्डियन." अकाउंट्समधले जोशी पहिल्या रांगेत बसलेच होते. अ‍ॅकॉर्डियन मांडीवर, पट्टे खांद्यात अडकवून.

या अडचणीवर मी तोड काढली होती. तिन्ही पेडल एका पाटावर पक्की बसवायची. मध्ये वायरी मापात कापून टाकायच्या. आणि सेल काढून तिघांना मिळून एकच एलिमिनेटर लावायचा. एलिमिनेटर म्हणजे विजेवरून नऊ व्होल्ट काढून देणारी डबी. सेल उतरण्याची कटकटच नको.

दुसऱ्या कुठल्या गावात हा पाट लाकडाचा झाला असता. पण आमच्या पट्ट्यात लाकूड म्हणजे पॅकिंगचं सामान. इथं लग्नातलं रुखवत सुद्धा लोक एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, पत्र्याचं करतील. फॅब्रिकेशनच्या गेनभाऊने तीन मिलिमीटरचा पत्रा कापून, कडा वाकवून, वर करडा रंग मारून दिला. मी पेडलांच्या बुडाला भोकं पाडली, रंग खरवडला आणि नटबोल्टने आवळली. हत्ती नाचला तरी निघणार नाहीत अशी. वजनदार फझ आधी, मग वाह, मग माझा ट्रेमोलो. का? दिसायला बरं म्हणून.

तपासलं का? तपासलं. दुकानात एकेक पेडल एलिमिनेटरला लावून बघितलं. तिन्ही झकास चालली. तिन्ही एकदम लावून मात्र बघितली नाहीत. एकेक पास झाला की सगळा वर्ग पास, असा माझा हिशोब. चौथीत अडकलेल्या माणसाचा हिशोब.

तर धूर निघाला. मी एलिमिनेटर उपटला. हात भाजला.

"दुसरा आहे ना?" मिलिंदने विचारलं.

"आहे की. मी काय येडा आहे का?"

दुसरा लावला. तो तर धूर न काढताच गप्प झाला. हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. आता येडा कोण ते ठरलं.

तीन वाजून बारा मिनिटं. जोशींनी अ‍ॅकॉर्डियनचा भाता सहज म्हणून थोडा ओढला. 'भूं' असा आवाज कँटीनभर झाला. मिलिंद तिकडे बघत नव्हता, पण त्याचा हात गिटारच्या तारांवर गच्च बसला होता.

"बाळूभाऊ, खरं सांगा. होईल का?"

मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. काही सुचत नसलं की स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा, गिऱ्हाईक दहा मिनिटं गप्प बसतं. मिलिंद बसला नाही.

"नुसतं हातात धरू नका. बोला."

तेवढ्यात गेनभाऊ आला. चाकणकडचा माणूस, वीस वर्षं वेल्डिंग केलेला. पाट स्टेजवर कसा दिसतो ते बघायला लवकर आला होता. मी त्याला सांगितलं, वायर लावली की एलिमिनेटर जळतोय. तो पाटाजवळ उकिडवा बसला.

"ह्या येकेका डब्यातली प्लस कुठं लावलीया?"

मी फझचं झाकण उघडलं. जुन्या धाटणीचा माल. त्याच्यात प्लसची वायर डब्याच्या पत्र्याला लावलेली होती. मग वाह उघडला. त्याच्यात मायनस पत्र्याला. ट्रेमोलोत पण मायनसच, तो तर मीच लावला होता.

"आन् समदे डबे ह्या लोखंडावं आवळल्यात."

"हो."

"आवं बाळूभाऊ, आमी वेल्डिंगला येक वायर जॉबला, म्हंजी जोडायच्या लोखंडाला, लावतो आन् दुसरी होल्डरला. दोन टेकली की जाळ. तुमी दोन्ही जॉबलाच लावल्या. ह्ये पेडल न्हाई, ही वेल्डिंग हाय."

मी पाटाकडे बघितलं. फझच्या पत्र्यात प्लस, बाकीच्यांच्या पत्र्यात मायनस, आणि तिघांना एका लोखंडावर आवळून मी दोन्हींची गाठ घालून दिली होती. रंग खरवडून, चांगली पक्की. एलिमिनेटरने जळायचं नाही तर काय करायचं?

उपाय मग सोपा होता. एलिमिनेटरला विसरायचं आणि प्रत्येक पेडलला त्याचा स्वतःचा सेल द्यायचा. सेल वेगळे असले की एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसशी भांडत नाही. फक्त सेल नव्हते. जुने मी दुकानात काढून ठेवले होते. आता लागायचे नाहीत म्हणून.

मी गेटवर पळालो. वॉचमन शिंदेमामांच्या कानाला छोटा ट्रान्झिस्टर होता. कॉमेंट्री चालू.

"मामा, सेल द्या. दोन तासांत परत."

"शेवटची जोडी खेळतीय."

"मामा, पोराची गिटार बंद पडंल."

"आन् हितं मॅच बंद पडंल त्याचं काय?"

मी स्कोअर नंतर स्वतः येऊन सांगीन म्हणून शपथ घेतली. क्रिकेटमधलं मला ओ की ठो कळत नाही. मामांनी चौकोनी सेल काढून दिला, तो नापसंत जावयाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत.

धापा टाकत परत आलो. तीन पंचवीस. "एक मिळाला. दुसरा कुठून आणू?"

मिलिंदने माझ्या पिशवीतला मीटर उचलला, ज्याने मी वायरी तपासतो तो. मागचं झाकण काढलं. आत नऊ व्होल्टचा सेल. गेली सहा वर्षं मीच बदलत होतो.

सेल दोन, पेडल तीन.

"वाह आणि ट्रेमोलो लाव, फझ सोड," मी म्हटलं. "ट्रेमोलोने पब्लिक—"

"फझ आणि वाह," मिलिंद म्हणाला. "आणि वाह आधी. त्याने आवाज बोलतो, मग फझने फाटायला पाहिजे. शेवटी एको. घुमणारा आवाज फाडला की नुसती लापशी होते."

म्हणजे मी लावलेली ओळही उलटी होती. आणि मापात कापलेल्या वायरी उलट्या क्रमाला पुरेनात. गेनभाऊने पाना घेतला आणि दोन्ही पेडल पाटावरून सोडवली. जी हत्तीने निघणार नव्हती ती चार मिनिटांत निघाली. स्टेजवर मोकळीच ठेवली, मिलिंदने माइकची लांब वायर कापून जोड दिला. वायर माझी होती.

भोंगा झाला. लोक आत आले. साठेसाहेब घड्याळाकडे बघत उभे. जोशींनी पट्टे आणखी आवळले.

पहिलं गाणं निघालं. गिटारचा तुकडा यायच्या आधी मिलिंदने पाय वाहवर ठेवला आणि मी डोळे मिटले. मला वाटलं आता खरखर. पण गिटार बोलली. मग त्याने फझ दाबला आणि मागच्या टेबलावरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. तुकडा संपेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. जोशींनी अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे एकेक करून सोडले, तेव्हा घेतला.

कार्यक्रमानंतर साठेसाहेबांनी मिलिंदला जवळ बोलावलं. "पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमालाही गिटारच," एवढंच म्हणाले. मिलिंदने मान खाली घातली, पण हसत होता.

यातून मी शिकलो ते इतकंच. वस्तू एकेकटी तपासून उपयोग नाही, ज्यांच्याबरोबर बसणार आहे त्यांच्याबरोबर बसवून बघायची. आणि पक्कं करायच्या आधी बरोबर आहे का ते बघायचं. पक्की चूक सोडवायला पाना लागतो.

सामान आवरताना मला पुन्हा उत्साह आला. मी म्हटलं, "मिलिंद, आता लाकडाचा पाट करतो बघ. आत वेगवेगळे कप्पे, वरून पॉलिश."

त्याने गिटार पिशवीत घातली, चेन लावली.

"पाट मी करीन, बाळूभाऊ. तुम्ही माइक लावत जा."