बिनरिंगांचं इंजिन

दादाच्या इंजिनाला रिंगा नव्हत्या. इंजिनातलं ज्याला थोडंफार कळतं त्याला हे चमत्कारिक वाटेल. साध्या इंजिनात पिस्टनभोवती लोखंडी कड्या असतात. त्या नळीला घासत राहतात म्हणून आतला वायू निसटत नाही, आणि घासत राहतात म्हणूनच झिजतात. दादाचं म्हणणं असं, की जे झिजतं ते काढूनच टाकायचं. त्याने रिंगा काढल्या, व्हॉल्व्हही काढले. एका आडव्या नळीत समोरासमोर दोन पिस्टन बसवले. मधे डिझेल पेटायचं आणि दोन्ही एकमेकांपासून दूर सरायचे, त्यामुळे हादरा आपापसातच जिरायचा. पिस्टन आणि नळी यांच्यातली फट इतकी बारीक, की वायूला निसटायला सवड मिळू नये. पिस्टन नळीला शिवणारच नाही, मग झिजेल काय?

भिलाईतल्या त्याच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत हे इंजिन दहा-बारा वर्षं होतं. आधी नुसती नळी होती, मग एकेक भाग येत गेला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दादा गेला. विश्वकर्मा पूजेला त्याने फ्लायव्हीलला लावलेलं हळदकुंकू तेरवीलाही तसंच होतं. घर धुताना बायकांनी ती पडवी धुतली, पण चाकाला कुणी फडकं लावलं नाही.

दादाची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनवर गेली. कोळसा भाजून त्याचा कोक करतात त्या भट्ट्या. त्या एकदा पेटवल्या की असेपर्यंत थंड होऊ द्यायच्या नसतात. थंड झाल्या तर आतल्या विटा आकसतात आणि तडकतात. नवी भट्टी पेटवायची तर आठवडेच्या आठवडे थोडी थोडी ऊब देत न्यायची. नोकरीच्या सुरुवातीला दादाने अशी एक भट्टी तापताना पाहिली होती. ते सांगताना, शेजारच्या खोलीत बाळंतीण झोपली असावी तसा त्याचा आवाज खाली येई.

त्यामुळे असेल, पण आमच्या घरी प्रत्येक गोष्ट आधी तापवून मग वापरायची रीत पडली होती. स्कूटर सुरू करून लगेच निघालेलं त्याला चालत नसे. फाटकापाशी ती फुरफुरत उभी राही, आणि मी कॉलेजच्या लायब्ररीत उशिरा पोचे. इंजिनाचंही तसंच. चालवून पाहायचं ठरलं की तो आत हाक मारी, "पानी ठेव." वहिनी मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून गॅसवर चढवी. ते कढत पाणी तो नळीभोवतीच्या पोकळीत ओती, निवलं की काढून टाकी, पुन्हा ओती. मग चहा. चहा झाला की हँडल. ते पाणी ओतणं आम्हाला पूजेआधी हातपाय धुण्यासारखं वाटे.

बंद केल्यावरही इंजिन बराच वेळ कोमट राही. थंडीत दही लागत नसे, तेव्हा वहिनी विरजणाचं भांडं त्याच्या पाठीवर ठेवून देई. दादा चिडे. हे इंजिन आहे, दुधाचं कपाट नाही, असं म्हणे. वहिनी भांडं न उचलताच सांगे, "कशाच्या तरी कामी येऊन राह्यलं ना."

मी ग्रंथपाल. माझं काम पुस्तकं आणून देण्याचं. इंग्रजी मजकूर मी वाचायचा आणि त्याला मराठीत सांगायचा, अशा आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. जगात किती तऱ्हेची इंजिनं लोकांनी काढून पाहिली आहेत ते मला तेव्हा कळलं. गोल फिरणारी, तिरप्या तबकडीची, पिस्टनच नसलेली. बहुतेकांची हकीकत एकाच तऱ्हेने संपे: तत्त्व बरोबर होतं, व्यवहारात टिकलं नाही. दादा मला ते वाक्य परत वाचायला लावी.

"व्यवहारात म्हंजे कोनाच्या व्यवहारात? ते लिवलं आहे का?"

लिहिलेलं नसे. मी तसं सांगितलं की तो समाधानाने पाय लांब करी. जणू वाद तोच जिंकला होता.

तो गेल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली. वहिनी मुलीकडे नागपूरला जाणार होती, तिसऱ्या मजल्यावर. इंजिन तिथे जाणार नव्हतं हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. भेटायला आलेल्यांमध्ये जवळच्या रसमड्याचे एक कारखानदार होते. ते शेतीचे पंप बनवतात. दादाचं पुष्कळसं लेथचं काम त्यांच्याच शेडमध्ये झालं होतं. जाताना ते पडवीत थांबले, फ्लायव्हील हाताने थोडं फिरवलं आणि म्हणाले, की एखाद्या शेतावर दिवसभर हे इतर इंजिनांसारखं पंप ओढत असेल, तर मी पाच-दहा बनवून बघेन. उपकाराचा सूर नव्हता त्यात. त्यांना खरंच पाहायचं होतं.

ते गेल्यावर वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ते बनवोत का न बनवोत, मले त्याचं काही नाही, भाऊजी. पन सेक्टरातल्या बाया मले विचारत, तुमचे मालक मांगच्या पडवीत करते काय? मी सांगू, इंजिन बनवून राह्यले. मंग त्या हासत. आता मले खरं मालूम झालं पाह्यजे. ते कामाचं होतं, का इतके वर्स मी एका खेळन्याले पानी तापवत होती?"

मी म्हणालो, दिवसभर पाहू आणि ठरवू.

"ठरवाचं तुमी. तुमी शिकलेले, आन तुमी त्यायचे भाऊ. संध्याकाळी मले एका शब्दात सांगा. हो का नाही."

वहिनीच्या धाकट्या भावाने रेल्वेतून निवृत्त झाल्यावर उतईच्या पुढे थोडी जमीन घेतली आहे. तिथे तो टमाटर लावतो. इकडे भाजीच्या अशा वावराला बारी म्हणतात, आणि पाणी साठवायच्या खड्ड्याला डबरी. पौषातल्या एका सकाळी टेम्पोतून इंजिन डबरीच्या काठावर उतरवलं आणि पट्ट्याने पंपाला जोडलं. कारखानदार आपल्या गाडीने आले. वहिनी डबे घेऊन आली होती. आल्या आल्या तिने तीन दगड मांडले, तुराट्या पेटवल्या आणि गंज चढवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

पाणी ओतलं, निवलेलं काढलं, पुन्हा ओतलं. चहा झाला. वहिनीच्या भावाने हँडल मारलं आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं.

त्याचा आवाज मला पाठ होता, पण पडवीत तो भिंतींवर आपटून यायचा. उघड्यावर तो फार सौम्य वाटला, लांब कुठेतरी जातं फिरत असल्यासारखा. पाईपातून हवा आली, गढूळ पाणी आलं, मग नितळ पाणी धरून आलं. कारखानदारांनी इंजिनावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "हिलता ही नहीं," ते म्हणाले. वहिनी पाठमोरी होऊन चुलीतल्या तुराट्या सारख्या करत राहिली. आता त्या चुलीचं काही काम नव्हतं.

सकाळभर इंजिन चाललं. शेतकरी इंजिन कसं वापरतो हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. सरी भरली की बंद. पाईप उचलून दुसरीकडे टाकायचा, मातीचा बांध फोडायचा, पुन्हा चालू. शेजारचा कुणी बांधावरून हाक मारतो, की बंद करून त्याच्याशी बोलायचं, कारण इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. पुन्हा चालू. प्रत्येक वेळी ते लागलं. जेवायला बसलो तेव्हा संध्याकाळचा माझा शब्द ठरल्यासारखाच होता. वहिनीने वांग्याची भाजी सगळ्यांना आग्रहाने वाढली. दादा गेल्यापासून तिला असं वाढताना मी पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिचा भाऊ बाजेवर आडवा झाला. रेल्वेत रात्रपाळ्या केलेला माणूस, पडल्या पडल्या झोपला. त्याला उठवणं कुणालाच बरं वाटेना. आम्ही बोलत बसलो. डबरीवरून गार वारा येत होता. तो उठला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याने तोंडावर पाणी मारलं आणि हँडल लावलं.

हँडल गरगर फिरलं. त्याला विरोधच नव्हता. आत हवा दाबली जात असली की इंजिन हाताशी झगडतं. हे नुसतं फिरत होतं. त्याने पुन्हा केलं. मग मी केलं. मग कारखानदारांनी शर्टाच्या बाह्या वर सारून केलं, आणि मला फिरवायला सांगून स्वतः नळीशी कान लावला. उठून त्यांनी चिंधीला हात पुसले आणि वहिनीला विचारलं, "भाभीजी, सुबह पानी गरम करने को किसने कहा था?"

"किसीने नहीं. इनका हमेशा का था."

मग बाजेच्या कडेला बसून त्यांनी समजावलं, आणि ते समजायला अवघड नव्हतं. पिस्टन अॅल्युमिनियमचे. तापले की नळीपेक्षा जास्त फुगतात. दादाने फट मापली ती तापलेल्या पिस्टनची. त्या मापात त्याने कुठे दोष ठेवला नव्हता. पण थंडपणी तीच फट इतकी मोकळी होते, की हवा दाबलीच जात नाही, सगळी बाजूने निघून जाते, आणि हवा दाबल्याशिवाय डिझेल पेटत नाही. मी विचारलं, फट कमी केली तर? मग तापल्यावर पिस्टन अडकेल, ते म्हणाले. रिंगा यासाठीच असतात.

"जिस मशीन को कभी बंद ही न करना हो, उसके लिए बहुत बढ़िया है. किसान का इंजन तो दिन भर बंद-चालू होता है. और सुबह-सुबह पानी कौन गरम करेगा?"

वहिनीचा भाऊ खाली मान घालून हँडलकडे पाहत होता. "भाऊजीनं ड्युटीवरचं इंजिन बनवलं," तो दादाबद्दल म्हणाला. "शिफ्ट बदलली तरी बंद कराचं नाही. मलेच डोळा लागला."

तो बिचारा स्वतःला दोष देत होता, आणि त्यात तथ्य नव्हतं. त्या दिवशी तो झोपला नसता तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच झालं असतं. मी विचार करत होतो तो दादाचा. ज्या जागी त्याचा जन्म गेला तिथे थंड यंत्र ही कल्पनाच नव्हती. तिथे सुरुवात कधीतरी एकदा होते, बहुधा आपण कामावर लागण्यापूर्वी. त्यानंतर माणसं बदलतात, ऊब राहते. दादाने सगळं मापलं, आणि सुरुवात तेवढी मापायची राहिली. आम्हा कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. आम्हीही त्याच गावचे. पडवीत ते इंजिन थंड असताना चालवून पाहावं, असं दहा-बारा वर्षांत एकालाही सुचलं नाही. व्यवहारात म्हणजे कोणाच्या व्यवहारात, हे तो मला विचारत राहिला, आणि उत्तर उतईच्या बारीत बाजेवर झोपलेलं होतं.

वहिनी जवळ येऊन उभी राहिली. "सांगा, भाऊजी."

मी सुरुवात केली, की तत्त्व म्हणून पाहिलं तर दादाचं काही चुकलं नाही, आणि सतत चालणाऱ्या एखाद्या कामाला...

"पुस्तक नका वाचू. हो का नाही?"

माझ्या भावाबद्दल इतका लहान शब्द मला कधी वापरावा लागला नव्हता. "नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. चेहऱ्यावर फार काही दिसलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि भावाला विचारलं, "पलीकडल्या वाफ्यायले पानी नाही भेटलं ना?"

तो म्हणाला, राहू दे बाई, उद्या लाईट आली की मोटरने देईन.

"पानी तापलं आहे," ती म्हणाली. "ऊठ."

आम्ही सगळ्यांनी चुलीकडे पाहिलं. आम्ही हँडलशी झगडत होतो तेव्हा तिने गंज पुन्हा चढवला होता. पाणी उकळून झाकण हलत होतं. पाणी तिनेच ओतलं. गंज जड होता, पण तिने मला हात लावू दिला नाही. निवलेलं काढलं, पुन्हा ओतलं. या वेळी चहा झाला नाही. भावाने हँडल मारलं आणि पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं.

कारखानदार जायला निघाले होते, ते थांबले. वहिनीचा भाऊ फावडं घेऊन पलीकडे गेला. पाणी सरीसरीने पुढे सरकत होतं, आणि वहिनी इंजिनाशेजारी उभी होती, दादा कान देऊन उभा राहायचा तशी नाही, नुसती उभी. बऱ्याच वेळाने भावाने लांबून हात हलवला, झालं म्हणून.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बंद कसं कराचं हे?"

मी तिला डिझेलची चावी दाखवली. तिने ती फिरवली.