सोबत येणार नाही

त्या दिवाळीनंतर मी खोलीत आले की नवरा लॅपटॉप मिटायला लागला. तो वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर, मी बजाजनगरातल्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. कॅनडाला जायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं. फॉर्म तो भरत होता आणि मी काही विचारत नव्हते. आता मात्र डोक्यात नको ते यायला लागलं.

एका रविवारी तो आंघोळीला गेला आणि मी लॅपटॉप उघडला. विवाहित, असं लिहिलं होतं. त्याखाली, पत्नी सोबत येणार नाही.

तो बाहेर आल्यावर विचारलं, "हे काय?"

"कागदापुरतं गं. तुला सोबत दाखवलं की गुण कमी होतात. मी तिथं पोचलो की बोलावतो तुला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू लई मनाला लावून घेतेस."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून परस्पर त्याच्या जालना रोडवरच्या व्हिसा सल्लागाराकडं गेले. त्यानं नीट समजावलं. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी, सगळ्याला गुण. बेरजेप्रमाणं रांग लागते आणि वरच्यांनाच बोलावणं येतं. बायकोनं इंग्रजीची परीक्षा दिलेली नसली की नवऱ्याची बेरीज खाली येते.

"मग मला परीक्षा द्यायला का नाही सांगितलं?"

सल्लागार जरा घुटमळला. "सर म्हणाले, मिसेसना नाही जमणार."

तीन महिने दुपारच्या सुट्टीत अभ्यास केला आणि गुपचूप परीक्षा दिली. म्हणजे आता मीही लपवत होते. निकाल त्याच्यापेक्षा चांगला आला. मग सल्लागाराला म्हटलं, मुख्य अर्जदार मला धरा. माझं वय एकोणतीस, त्याचं चौतीस, आणि तिशीनंतर दर वाढदिवसाला गुण कापले जातात. त्याला सोबत दाखवूनही माझी बेरीज त्याच्या एकट्याच्या वर गेली.

संध्याकाळी चहा घेताना त्या बेरजेचा कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं दोनदा वाचला.

"तुला कुणी मदत केली?"

"कुणीच नाय."

त्यानं कागद उलटून मागची बाजूही बघितली. त्याला ते पटलं नव्हतं.

अर्ज माझ्या नावानं गेला. अजून बोलावणं नाही, दर वेळी थोडक्यात हुकतं. तो आता सकाळी मोठ्यानं इंग्रजी वाचतो, अडलं की मला उच्चार विचारतो. त्याला मला खरंच मागं ठेवायचं नव्हतं, असं मी धरून चालते. अर्जाचा पासवर्ड तेवढा त्याला सांगितलेला नाही.