चिंचोक्यांची तपासणी: पुणे ते पनवेल

पनवेलला मुद्दाम फिरायला जा, असं मी कोणालाही सांगणार नाही. मी गेले ती मामासाठी.

पनवेलजवळ पळस्प्याच्या पुढे मामाचं घर. अंगणातली गोड चिंच आणि जवळजवळ सगळं अंगण रस्ता रुंदीकरणात गेलं. कलम करायला एक फांदीही ठेवली नाही. उरले डबाभर चिंचोके. त्याला त्याच झाडाचं रोप हवंय. पण डबा उघडला तर काही चिंचोक्यांना भोकं, म्हणून मी सुकापूरजवळची बियाणं तपासणारी एक प्रयोगशाळा शोधली.

पुण्याहून सकाळची एसटी घ्या, गर्दी कमी असते. पनवेल स्टँडबाहेरचा वडापाव बरा, चहा पांचट. रिक्षाचं भाडं आधीच ठरवा आणि हाताशी वेळ ठेवा, न्हावा शेवा बंदराचे कंटेनर कोणालाच पुढे जाऊ देत नाहीत. प्रयोगशाळेपर्यंत मामा रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसला होता.

भोकं पडलेले बाजूला काढून धड दिसणारे चिंचोके तिथल्या मॅडमनी ट्रेमध्ये पसरले. वरून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडतो, आणि चिंचोका न फोडता आतलं कळतं. चांगला असेल तर पडद्यावर हिरवा, किडलेला लाल.

पहिला ट्रे लाल. दुसराही लाल.

"बाय, एक तरी हिरवा हाय का?" मामाने मला विचारलं. त्याचा चष्मा घरी राहिला होता. मला नाही म्हणवेना.

"सॉरी काका," मॅडम म्हणाल्या. "हा भुंगा डब्यातच वाढतो, एकातून दुसऱ्यात जातो. गेल्या वर्षी लावले असते तर बरेच उगवले असते."

"गेल्या वर्सी रस्त्याचा सायब बोलला, थांबा, झाड लावाला रस्त्याकडंला जागा दाखवतो. आमी थांबलो."

मॅडमनी कोणी न सांगता सगळे ट्रे पुन्हा तपासले. एकही हिरवा नाही. मला त्या साहेबाचा इतका संताप आला की परतीच्या एसटीत मी काही खाल्लंही नाही.

घरी येऊन महिना झाला. यंत्र अचूक आहे, तपासणी झटपट होते, वाचकांनी बी जमवलं की लगेच न्यावं. आमच्या काही उपयोगाचं नाही.

काल मामाचा फोन आला. "बाय, जागा दाखवून गेला सायब. खड्डा पन खनून दिला. लोका कचरा टाकतान, म्हनून रोज जाऊन साफ करतो."

"आता कशाला रे मामा?"

"जागा दिली ना त्यांनी," तो म्हणाला.