सातपैकी दोन

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या, हेच काम. मला ते चांगलं जमायचं. सकाळी सदाशिव पेठेतून कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचं आणि अंधार पडल्यावर आमच्या दोन खोल्यांत परत यायचं.

बाबांनी पंचवीसएक वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. कॉम्प्युटर आले, मुलं येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी मशिनं विकून टाकली. वर मला म्हणाले, "तुझ्या धंद्याने माझा धंदा खाल्ला. घरातच राहिला म्हणायचा." आमच्याकडे प्रेम असंच बोललं जाई.

झटक्यात त्यांचा उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. उरला फक्त एक शब्द, 'परवा'. पाणी हवं असलं तरी परवा, राग आला तरी परवा. हाच शब्द का उरला, ते कोणी सांगू शकलं नाही.

पण आईला ते कळायचं. परवा म्हटलं की ती पंखा कमी करायची. पुढच्या परवाला म्हणायची, "अहो, पेपर आलाय, थांबा, देते." दुपारी तर ती त्यांच्याशी चक्क गप्पा मारायची. ते परवा-परवा करायचे आणि ही म्हणायची, "मीही तेच म्हणते. पण भाचीच्या सासरच्यांना कोण सांगणार?" शेजारी म्हणायचे, चाळीस वर्षांचा संसार आहे, न बोलता कळतं. मला मात्र शंका यायची. एकदा तिने त्यांना शाल पांघरली आणि त्यांनी ती डाव्या हाताने ढकलून दिली. आई म्हणाली, "आत्ता नको म्हणतायत, नंतर घेतील." म्हणजे काहीही झालं तरी हिचंच बरोबर.

ऑफिसात इंटरनेटवर वाचलं की अशा माणसांना चित्रं दाखवून विचारावं. मी कार्डं छापून आणली. चहा, पाणी, शाल, पंखा, पेपर, पोट दुखतंय, बाथरूम. एका रविवारी बाबांच्या मांडीवर पाट ठेवला आणि त्यावर सातही कार्डं ओळीने मांडली. त्यांनी 'परवा' म्हटलं की त्यांना काय हवंय ते आईने कागदावर लिहायचं, मग त्यांनी कार्डावर बोट ठेवायचं. आई हसत तयार झाली. तिला तो खेळ वाटला.

सात वेळा केलं. दोनदा जुळलं.

मी तिला कागद दाखवला. दाखवायला नको होता, पण मी दाखवला. ती सातही ओळींवरून बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी माझ्याशीच बोलत होते."

मी म्हणालो की तसं नाही, आता आपल्याला नीट पद्धत मिळाली. तिने पद्धत मन लावून पाळली. त्यांनी 'परवा' म्हटलं की ती कार्डं हाताला येतील तशी ओळीने मांडायची आणि गप्प उभी राहायची. ते बोट ठेवतील ते द्यायची. पोट दुखतंय यावर बोट ठेवलं म्हणून ओवा दिला, तर त्यांनी थुंकून टाकला. पुढे पुढे ते कार्डं उधळून द्यायला लागले, आणि मग उधळेनासेही झाले. दुपारच्या गप्पा बंद पडल्या. घरी आलो की दोघं एकाच खोलीत दोन दिशांना तोंड करून बसलेले दिसायचे.

दीडेक महिन्याने वाचा-उपचार करणाऱ्या बाई तपासायला घरी आल्या. मी मोठ्या हौसेने कार्डं दाखवली. त्यांनी बाबांसमोर पेन धरलं आणि सावकाश उजवीकडे नेलं. मध्यावर बाबांची नजर थांबली.

"यांना उजव्या बाजूचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ओळीत मांडलीत ना? मग डावीकडची तीनचारच दिसली असतील. त्यातलंच एखादं दाखवणार बिचारे."

आई म्हणाली, "तरीच अर्ध्या जेवणात ताट फिरवून द्यावं लागतं. मला वाटायचं, नखरे करतात."

बाई गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "आई, चाचणीच चुकली होती. तुझं बरोबर असेल."

"असेल," ती म्हणाली. "नसेलही. आता मला कसं कळायचं?"

मी कार्डं फेकून दिली. तिने पुन्हा प्रयत्न करून पाहिला. पण त्यांनी 'परवा' म्हटलं की ती अडखळायची. "चहा देऊ? की पाणी?" असं विचारून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि तिचा तो चेहरा पाहून ते डोळे मिटून घ्यायचे. चार महिन्यांनी न्यूमोनिया होऊन ते गेले. त्या दिवसांत त्यांना काय सांगायचं होतं, हे कोणालाच कळलं नाही.

पुढे आम्ही धायरीला फ्लॅट घेतला. अमेरिकेत मंदी आली त्या वर्षी माझी नोकरी गेली. मी आईला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो, लायब्ररीत बसायचो आणि वेळेवर परत यायचो. तीन आठवड्यांनी नवी नोकरी मिळाल्यावर तिला सगळं सांगितलं.

ती भाजी निवडत होती. "पहिल्याच दिवशी वाटलं होतं मला, तुझं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"म्हटलं, आपल्याला उगीच वाटत असेल."

 तिने निवडलेली मेथी धुवायला घेतली.