पॅसेजमधला डाव

मेमेर रोझिल्दाच्या घरातलं तीर्थ मी गोठवलं.

चर्चमधून आणलेलं ते तीर्थ पुढच्या दाराशी चिनी मातीच्या इवल्याशा वाटीत टांगलेलं असतं. येता-जाता बोट बुडवायचं आणि कपाळाला लावायचं. जानेवारीतल्या एका सकाळी ती वाटी मधोमध तडकली आणि आतून बर्फाची चकती निघाली. मेमेरने ती चकती बशीत घालून माझ्यापुढे सरकवली.

"रेनो, आता बुडव बोट."

झालं होतं असं. मेमेर म्हणजे आमच्याकडे आजी. रोझिल्दा सीर ही साऱ्या गल्लीची आजी, आणि मी तिचा शेजारी. तिची धाकटी मुलगी क्लोडेट इथून दूर, दक्षिणेला पोर्टलंड शहरात असते. तिने नाताळला आईला एक हुशार थर्मोस्टॅट पाठवला. हुशार अशासाठी, की आईच्या घरात किती ऊब आहे ते मुलीला तिकडे फोनवर दिसतं. ऊब ठरलेल्या रेघेखाली गेली की फोन बोंबलतो. तो बसवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मी आयुष्यभर विमा विकला. लोकांच्या घराला आग लागली तर काय, ह्याच चिंतेत माझे केस गेले. गारठा लागला तर काय, हे कधी मनात आलं नव्हतं.

घरात हीट पंप आहे. तो बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो. थंडी फारच पडली की त्याच्या मदतीला विजेची कॉइल तापते, तिला बॅकअप म्हणतात. भिंतीतून निघालेल्या वायरींपैकी नारिंगी वायर पंपाला सांगते, की बाबा रे, आता घर तापव, आता गार कर. मी वायर जोडली ती बरोबर. पण ही वायर कशी चालते असं थर्मोस्टॅटने विचारलं, तेव्हा मी उत्तर उलटं दिलं. मग रात्रभर पंप घर गार करतोय आणि बॅकअप बिचारा ते तापवतोय! एकाने भात शिजवावा आणि दुसऱ्याने त्यात गार पाणी ओतावं, तसला संसार. बाहेर उणे तीस. पंप जिंकला.

मेमेरला ह्यातलं काही कळलंच नाही. ती हिवाळ्यात स्वयंपाकघर सोडत नाही. तिथे तिची लाकडाची चूल, चुलीशेजारी खाट, खाटेवर ती. दिवाणखाना नोव्हेंबरात बंद होतो तो थेट एप्रिलात उघडतो. मधे कोणी वारलं किंवा पाद्री आले तरच अपवाद. तरुणपणी ती बटाट्याच्या गोदामात नासके बटाटे वेगळे काढायची. हातात घेतल्याबरोबर बटाटा आतून कसा आहे ते सांगायची. माणसांनाही तसंच हातात घेते. मला तिने फार पूर्वीच नासक्यांच्या ढिगात टाकलेलं आहे. पण ढीग जवळच ठेवलाय, एवढाच दिलासा.

मेमेरला कळलं नाही, पण पोर्टलंडला कळलं. क्लोडेटचा मला फोन.

"रेनोकाका, ममांने हीट बंद केली ना?"

"अगं नाही, चूक माझी झाली. वायरीचं—"

"तिला पाठीशी घालू नका. लाकूड आहे तर वीज कशाला, असं म्हणाली असणार ती. मी ओळखते तिला. पुन्हा एकदा फोन बोंबलला, की ईस्टरनंतर ती माझ्याकडे. इथे म्हाताऱ्या माणसांची छान बिल्डिंग आहे."

माझी चूक अशी मेमेरच्या खात्यावर पडली. मी ती सेटिंग सुधारली, पंप सरळ झाला, आणि मग जाऊन तिला क्लोडेटचं बोलणं सांगितलं. ती प्लॉय टाकत होती. प्लॉय म्हणजे आमची घावनं, एकाच बाजूने भाजलेली.

"पाहिलीय मी ती बिल्डिंग," ती म्हणाली. "खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. आणि चार्लमेन एकालाही येत नाही."

चार्लमेन हा आमच्या खोऱ्यातला पत्त्यांचा खेळ. तो न येणाऱ्या माणसाला मेमेर माणसात धरत नाही.

"मग बोंबलू द्यायचा नाही फोन," मी म्हणालो.

"तू हात लावू नकोस म्हणजे नाही बोंबलणार. खा."

पण आठवडाभरात तो पुन्हा बोंबलला! ह्या वेळी मी हातसुद्धा लावला नव्हता. मेमेरनेही नाही. शेवटी मी यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडलं आणि मधल्या एका पानावर उलगडा झाला. ह्या यंत्राला डोळा असतो. समोरून कोणी गेलं, की ते समजतं घरात माणूस आहे. बराच वेळ कोणी फिरकलं नाही, की त्याला वाटतं मंडळी गावाला गेली, आणि ते आपणहून ऊब उतरवतं. यंत्र पॅसेजमध्ये, मेमेर स्वयंपाकघरात. त्याच्या हिशेबी घर रिकामं होतं.

"म्हणजे मी मेले असं ठरवलं त्याने?"

"गावाला गेलीस असं."

"मी? फेब्रुवारीत?" तिला मेल्याचं काही नव्हतं, ह्या आरोपाचा मात्र राग आला.

क्लोडेटने कळवलं, की ती स्वतः येऊन बघणार आणि आईचं सामान कुठलं न्यायचं तेही ठरवणार.

मेमेरने त्याच दिवसापासून जपमाळ पॅसेजमध्ये फिरत म्हणायला सुरुवात केली. दर फेरीला यंत्राचा डोळा उजळायचा. "आहे रे, आहे," ती त्याला म्हणायची आणि पुढचा मणी ओढायची. पण गुडघे किती साथ देणार? तेव्हा तिने पत्त्यांचं टेबल पॅसेजमध्ये लावलं. पलीकडचा आल्सिद, त्याची बायको लॉरेत, मी आणि ती. पॅसेज इतका अरुंद, की आल्सिदला बाथरूमला जायचं तर आम्ही तिघांनी उठायचं.

"आल्सिद, आता बस एका जागी," लॉरेत करवादायची.

"जाऊ दे त्याला," मेमेर म्हणायची. "तेवढीच यंत्रापुढे हालचाल."

आम्ही आधी रविवारी खेळायचो, मग रोज दुपारी खेळू लागलो. घर उबदार, फोन गप्प.

क्लोडेट आली ती डाव ऐन रंगात असताना. बूट न काढताच दाराशी उभी राहिली. सवयीने तिचं बोट वाटीकडे गेलं आणि तडकलेल्या कडेवर थांबलं.

"ममां, ही कशी फुटली?"

"रेनोने गोठवली. पंपाकडून घर गार करवलं."

 आपली आई चूल विझवील, हीट बंद करील, पण तीर्थाचं खोटं कधी सांगणार नाही, हे क्लोडेटला ठाऊक होतं.

"म्हणजे काका खरं सांगत होते?"

"त्याला खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही. आणि दुसऱ्यांदा ह्या यंत्राने मला गावाला धाडलं, म्हणून आम्ही त्याच्या डोळ्यासमोर बसतो."

क्लोडेटने पॅसेजमध्ये कोंबलेल्या आम्हा चौघांकडे पाहिलं, आल्सिदच्या भिंतीला टेकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि हसू आवरत कोट काढला. "सामान राहू दे इथेच," ती म्हणाली. "मला जागा करा. पुढचा डाव माझ्याशिवाय नाही."

इकडे माझं बोट उगीच त्या यंत्राच्या पडद्यावर फिरत होतं. मी ओरडलोच, "मेमेर! ही 'घर रिकामं' वाली भानगड एका बटणाने बंद होते! आता तुला इथे पॅसेजमध्ये अवघडून बसायला नको. करू बंद?"

मेमेरने पानं गोळा करता करता, डोकं वर न काढता सांगितलं, "हात लावलास तर उद्यापासून यायचं नाही, पानं वाट."